तांब्याचे हिरवे पांघरूण

साखरा येथील आमच्या घरावर लोखंडी पत्रे आहेत. पावसाची पहिली सर आली की त्यांवर जणू ताशा वाजू लागतो. पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो खरा. परंतु खिळ्याभोवती तो आधी उडतो, तेथे गंज धरतो आणि एखाद्या श्रावणात नेमके अंथरुणावर पाणी टपकू लागते. छपरांविषयीचे माझे कुतूहल बहुधा या टपकण्यातूनच जन्मले असावे.

मी मुख्याध्यापक असताना एकदा मुलांची सहल नांदेडला नेली होती. तेथील सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविला. त्याचा कळस उन्हात झळाळत होता. "हा कळस तांब्याचा असून त्यावर सोन्याचा मुलामा आहे," असे मी मुलांना सांगितले. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाचा घुमट तांब्याने मढविलेला आहे, केरळातील कित्येक देवळांची छपरेही तांब्याची आहेत, हेही सांगितले. "तांबे गंजत नाही ना, म्हणून!"

तोच एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग आमच्या घागरीवर हिरवे डाग का पडतात?"

मी घाईने म्हणालो, "तोही गंजच. तो हळूहळू तांब्याला खातो." मुलगा गप्प राहिला. पण माझ्या दोन विधानांचा मेळ बसत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

घरी येऊन मी पुस्तके धुंडाळली. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तांब्याच्या पत्र्याचा आहे. पत्र्याची जाडी अवघी २.४ मिलिमीटर! १८८६ साली त्याचे अनावरण झाले, तेव्हा तो तांबूस होता. पुढे तो काळवंडला आणि मग हिरवा पडू लागला. १९०६ साली त्याला रंग देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लोकांनी विरोध केला. तपासणीअंती आढळले, की तो हिरवा थर तांब्याचे रक्षणच करीत आहे! लोखंडाचा गंज खपलीसारखा सुटतो व आतील लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्याचा थर मात्र अंगाला घट्ट चिकटून बसतो आणि हवापाण्याला आत शिरू देत नाही. पुतळ्यातील लोखंडी सांगाडा तांब्याच्या सान्निध्याने अधिकच गंजला. १९८६ पर्यंत त्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. म्हणूनच तांब्याच्या छपराला लोखंडी खिळा चालत नाही. पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून सांधतात. त्यामुळे उन्हाने पत्रा प्रसरण पावला तरी फाटत नाही. असे छप्पर शंभर वर्षेही टिकते. किंमत ऐकून मात्र मी आमच्या पत्र्यांकडे जरा प्रेमाने पाहिले!

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन म्हणालो, "काल मी चुकीचे सांगितले." मुले चकित झाली. मी सारी हकीकत सांगितली.

तो मुलगा उठून म्हणाला, "मग आईला सांगतो, घागर घासू नकोस!"

"अरे, थांब! छपराचे पाणी आपण पीत नाही. तो हिरवा थर पोटात गेला तर विषारी ठरतो."

मुलगा हिरमुसला. चिंच लावून घागर घासण्याचे काम घरी त्याच्याकडेच होते, हे मला नंतर कळले.