झाडातला झ

नातीच्या अक्षरओळखीच्या पुस्तकात एक्सच्या पानावर झायलोफोन आहे. माझ्या मुलाच्या पुस्तकातही तोच होता. तिने बोट ठेवून वाचलं आणि थांबली. ‘‘आबा, एक्स कुठंय? मला तर झ ऐकू येतो.’’ झ तोही झेंड्यातला नव्हे, झाडातला.

मला भरून आलं. कारण या शब्दात खरोखरच झाड आहे. ग्रीकमध्ये ‘क्सीलोन’ म्हणजे लाकूड, ‘फोनी’ म्हणजे आवाज. खोडातून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिनीला झायलेम म्हणतात, तो शब्दही याच मुळाचा. आपण या वाद्याला काष्ठतरंग म्हणतो. जलतरंगाशेजारी शोभणारं हे नाव मला मूळ नावाहून गोड वाटतं.

तिच्याकडच्या खेळण्यात मात्र लाकूड नाहीच. रंगवलेल्या पत्र्याच्या आठ पट्ट्या. धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वेगळं, त्याला ग्लॉकेनश्पील म्हणतात. मुलं नाव लाकडाचं शिकतात आणि ऐकतात पत्रा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून सुताराकडून उरलेली सागवानी पट्टी आणली, फूटभर लांबीची. मधोमध चिमटीत धरून ठोकली, तर नुसतं ‘ठक्’. मग चिमूट सरकवत टोकापासून पावणेसात सेंटीमीटरवर आणली आणि मध्यावर हलकेच टोला दिला. पट्टी बोलली! लहानसा, गोल, कोरडा सूर. उमटला आणि विरला. पट्टी थरथरते तेव्हा लांबीच्या साधारण बावीस टक्क्यांवर, दोन्ही बाजूंना एकेक जागा जवळजवळ स्तब्ध राहते. वाद्यात दोरी तिथूनच ओवतात. मधोमध धरलं की जिथे थरथर जोरात असते, तिथेच आपण लाकडाचं तोंड दाबतो.

सूर लावायचा तोही तासून. पोटाकडून मध्यावर लाकूड काढलं की सूर उतरतो, टोकं तासली की चढतो. काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो.

फ्रेंच संगीतकार सॅं-सान्सने 1874च्या ‘दांस माकाब्र’मध्ये सांगाड्यांच्या हाडांचा खडखडाट याच वाद्यातून काढला. पण माझं मन ओढ घेतं ते पश्चिम आफ्रिकेच्या बालाफोनकडे. तिथे प्रत्येक पट्टीखाली भोपळा टांगतात. त्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवायची रीत आहे. लाकूड बोललं की पापुद्रा गुणगुणतो. सूर स्वच्छ असावा असं मानणाऱ्या माझ्या कानाला ती झिणझिण आधी खटकली. आता तिच्याशिवाय सूर उघडा वाटतो. गिनीतल्या नियागासोला गावी ‘सोसो-बाला’ नावाचा असा एक बालाफोन पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. त्याची कथा तेराव्या शतकातल्या सुमांगुरू कांते राजापर्यंत जाते.

हे सगळं नातीला सांगायचं राहून गेलं. ती केव्हाच स्वयंपाकघरात पळाली होती. तिथून ठक् ठक् ऐकू येत होतं. लाटणं चिमटीत धरून ती चिमूट थोडी थोडी सरकवत होती.