ढोलकी कुणाची?

२०२२ साली २४ डिसेंबरला शनिवार आला, २५ ला रविवार. २५ डिसेंबर म्हणलं की आपल्या कार्यकर्त्यांना महाड आठवतं. १९२७ साली ह्याच तारखेला बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. भोरवरनं वरंधा घाट उतरलं की महाड. आमच्या मुलखाला ती आग तशी शेजारचीच. बाकीच्या जगाला हा दिवस नाताळ. आमच्या नात्यात तो दोन्ही आहे, आणि त्याच्यावरनं वेल्ह्याकडं आमच्या वस्तीत जो वाद झाला तो लिहायचा आहे.

माझी मावशी किरिस्ताव. लग्नात झाली. तिच्या नवऱ्याचे वाडवडील नगर जिल्ह्यातले महार, मिशनच्या काळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडं माझ्या आजोबानं छप्पन्न सालानंतर घरातले देव गोळा केले आणि नदीत सोडले. दोघांनी सोडलं ते एकच. धरलं ते निराळं. मावशीचा पोरगा तेव्हा पुण्यात बी. ए. करत होता. कबड्डी खेळायचा, आणि ढोलकी अशी वाजवायचा की बसल्या माणसाचा पाय हलावा.

शनिवारी त्याच्या कॉलेजची टीम भोरला खेळायला आली. डिसेंबर म्हणजे आमच्या भाताच्या गिरणीचा हंगाम. इंद्रायणी, आंबेमोहराची पोती दारापर्यंत थप्पी लावून, हलरला थंड व्हायला सवड नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून गेलो, केसात कोंडा तसाच.

कबड्डी हा खेळ मला फार आवडतो. तीस सेकंद, एक श्वास, आणि सगळा जीव बोटाच्या टोकात. नुसतं बोट लावून मध्यरेषेपलीकडं परत आलास की समोरचा बाद. शिवण्यावर एवढा मोठा खेळ उभा आहे आणि तो खेळणारा देश कोणता, तर आपला! मावसभाऊ डावा कोपरा धरायचा. त्या दिवशी त्यानं एक पकड अशी केली की चढाई करणारा पोरगा मातीत लोळला आणि उठताना हसला. खेळात हसतात पोरं. खेळ संपला की सुरू होतं.

चहाच्या टपरीवर त्याच पोरानं विचारलं, "नाव काय तुझं?" ह्यानं सांगितलं. नाव बायबलातलं. "आडनाव?" तेही सांगितलं. "मूळ गाव?" सांगितलं. चौथा प्रश्न त्यानं विचारला नाही. त्याला पाहिजे ते कळलं होतं. चहा मात्र दोघांनी एकाच जातीच्या कपात प्याला, कागदाच्या. पळवणकर बाळूला पुण्याच्या मैदानावर सवर्ण खेळाडूंपासून बाजूला, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ह्याच बाळूनं शंभराच्या वर विकेटा काढल्या. कप बदलला एवढं खरं.

परतीच्या एस्टीत मावसभाऊ म्हणाला, "दादा, बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावर पडतं. आडनावापर्यंत जात न्हाई."

रात्री मावशीबरोबर गुरुवार पेठेत पंचहौदाच्या चर्चात गेलो. मी देव मानत नाही, बावीस प्रतिज्ञांतला माणूस. गुडघे टेकले नाहीत, मागं उभा राहिलो. मावशीनंही "टेक" म्हणलं नाही. ह्याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक, रानडे वगैरे मंडळींनी चहा घेतला आणि सनातन्यांनी पुण्यात केवढा गोंधळ घातला! ग्रामण्य, शंकराचार्य, प्रायश्चित्त. एका कप चहापायी. आणि तिथनं जवळच गंज पेठेत जोतिबांचा वाडा. १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांनी आपल्या लोकांना खुला केला. त्याचं प्रायश्चित्त त्यांनी घेतलं नाही.

चर्चातलं गाणं ऐकून मी चाट पडलो. मला वाटलं इंग्रजी असंल. पेटी, टाळ, ढोलकी, आणि अभंगाच्या चाली. मावशीला उपासना संगीतातली पानंच्या पानं पाठ. त्यातली बरीच पदं नारायण वामन टिळकांची, १८९५ साली किरिस्ताव झालेल्या चित्पावन बामणाची. मावशीला ते ठाऊक नाही, ठाऊक असायचं कारणही नाही. ती गाते तेव्हा पद तिचं असतं. दिवसभर लोकाची भांडी घासलेला तिचा हात टाळीला वर गेला, तो बघत राहिलो.

खोलीवर आलो तर झोप येईना. गल्लीत स्पीकरवर इंग्रजी 'सायलेंट नाइट'. हे गाणं ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलं. १८१८ म्हणलं की आपल्याला काय आठवतं ते सांगायला नको. त्याच साली १ जानेवारीला भीमा कोरेगाव. मी बाबासाहेबांचा पाचवा खंड काढला, सरकारनं १९८९ साली छापलेला. इंग्रजी आहे, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचावं लागतं, एका पानाला पाऊण तास. त्यात धर्मांतरित किरिस्तावांच्या स्थितीवर लेख आहे. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, त्याचं श्रेय बाबासाहेब देतात. पण चर्चात गेल्यावर जात मेली का, ह्या प्रश्नावर त्यांचं उत्तर नाही असंच आहे. दुपारी टपरीवर न विचारलेला चौथा प्रश्न तोच होता.

मग कागदाचं ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात फक्त हिंदूंना. १९५६ ला शीख घेतले. आपण बौद्ध १९९० ला. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षं केंद्राच्या लेखी आपण त्या यादीबाहेर! किरिस्ताव आणि मुसलमान अजून बाहेर. महाराष्ट्रात मावसभाऊ ओबीसीत मोडतो. ॲट्रॉसिटीचा कायदा अनुसूचित जातीला लागतो, त्याला नाही. त्याला कुणी महार म्हणून मारलं तर मारणाऱ्याला जात दिसंल, कायद्याला दिसणार नाही. त्याच सालच्या ऑक्टोबरात केंद्रानं बालकृष्णन आयोग नेमला होता, ह्याच प्रश्नावर.

रविवारी संध्याकाळी मावशी आणि तो माझ्याबरोबर वस्तीत आले. मनुस्मृती दहनाचा कार्यक्रम, मग गाणी. वामनदादा कर्डकांच्या जन्मशताब्दीचं साल, म्हणून त्यांचीच गाणी घ्यायची ठरलेली. ढोलकीवाला आजारी. मावसभाऊ बसला.

आमच्यातला एक कार्यकर्ता, वाचणारा, केसेस अंगावर घेतलेला, मला बाजूला घेऊन म्हणाला, "ढोलकीवर किरिस्ताव बसवलास व्हय रं?"

"मावसभाऊ हाय माझा."

"भाऊ घरी. हितं चळवळ हाय. आज ह्यांला ढोलकी दिली, उद्या यादीत घ्या म्हणत्याल. आपल्याच ताटातलं जाणार मग."

गड्यांनो, हा माणूस मूर्ख नाही. जागा किती निघतात, पोरं किती बसलेत, त्याला तोंडपाठ आहे. त्याची भीती खरी आहे. किरिस्ताव घेतले तर टक्काही वाढवा ही मागणी आपणच केली पाहिजे, हे मी त्याला म्हणलं. पण ताट लहान ठेवलं ते मावशीच्या पोरानं नव्हं. आणि महाडचं म्हणशील तर ऐक. परिषदेला सवर्ण जागा देईनात तेव्हा जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. दहनाचा ठराव मांडला सहस्रबुद्धे नावाच्या बामणानं. बाबासाहेबांनी त्यांना दाखला मागितला नाही, आणि तू महाराच्या पोराला मागतोस?

तो म्हणाला, "त्ये बाबासाहेब व्हते. आपुन न्हाई."

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेवढ्यात मागनं गाणाऱ्या पोरानं सूर धरला आणि ढोलकी पडली. रात्री चर्चात ऐकला तोच ठेका, जरा चढ्या लयीत. तासभर कुणी जागचं उठलं नाही. शेवटी बायांतनं मावशी ओरडली, "आरं, कुनी भाकरी द्या त्याला. सकाळधरनं वाजवतंय लेकरू."

यादीच्या प्रश्नावर तो कार्यकर्ता आजही माझ्याशी भांडतो. आयोगाला नंतर मुदतवाढ मिळाली. मावसभाऊ बी. ए. झाला. पुढच्या १४ एप्रिलच्या बैठकीत ढोलकीला कोण, असं निघालं तेव्हा मी त्याचं नाव सांगितलं. कुणी हो म्हणलं नाही, कुणी नाही म्हणलं नाही. तो आला, रात्रभर वाजवलं आणि पहाटेच्या एस्टीनं पुण्याला गेला.