गावाकडे तोंड केलेली मैदाने

खेळाच्या मैदानावरून भोवतालचे गाव दिसेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. खेळ कोणत्या आकाराच्या जागेत चालतो ही एक, आणि बघणाऱ्यांना कुठे बसवले आहे ही दुसरी. बेसबॉल काटकोनात खेळला जातो. फलंदाज कोपऱ्यात उभा राहतो आणि चेंडू समोरच्या पाव वर्तुळातच मारावा लागतो. त्यामुळे मोक्याच्या जागा कोपऱ्यामागे येतात आणि समोरची बाजू ठेंगणी ठेवता येते. फलंदाजाचे तोंड साधारण पूर्व-ईशान्येला असावे, अशी नियमपुस्तकाची शिफारस आहे. मावळतीचे ऊन त्याच्या डोळ्यांत जाऊ नये हा हेतू. अमेरिकेतल्या पिट्सबर्गने 2001 साली पीएनसी पार्क बांधताना ही शिफारस बाजूला ठेवली आणि मैदान आग्नेयेकडे वळवले. कारण अ‍ॅलेगेनी नदी, तिच्यावरचा पिवळा पूल आणि पलीकडच्या उंच इमारती त्या बाजूला होत्या. नदी फलंदाजापासून 443 फुटांवर आहे. सामन्याच्या दिवशी तो पूल वाहनांना बंद करतात आणि लोक त्यावरून चालत मैदानात येतात. शिकागोच्या रिग्ली फील्डची (1914) गंमत उलटी. तिथे शेजारच्या घरांच्या गच्च्यांवरून मैदान दिसते, आणि त्या गच्च्यांवरही तिकीट लावून बसतात.

क्रिकेटला ही सोय नाही. चेंडू चहूकडे जातो, सीमारेषा चहूकडे असते आणि माणसेही चहूकडे बसतात. खेळपट्टी उत्तर-दक्षिण आखली की दिशेचा प्रश्न मिटतो. पुढे जितकी गर्दी वाढेल तितकी भिंत चढत जाते.

हा हिशेब मनात ठेवून नागपूरहून भंडारा जिल्ह्याकडे निघालो. नागपुरात दोन मैदाने बघून पुढे जाणे सोयीचे पडते. सिव्हिल लाइन्समधले विदर्भ क्रिकेट संघटनेचे जुने मैदान शहराच्या पोटात आहे. 1969 साली न्यूझीलंडविरुद्ध इथे पहिली कसोटी झाली. 1987 च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅट्‌ट्रिक आणि सुनील गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतले एकुलते एक शतक इथलेच, तेही एकाच सामन्यात. सामना असला की सदर भागापर्यंतचे रस्ते तुंबायचे आणि खेळ न बघणाऱ्यालाही सामना आहे हे कळायचे. 2008 पासून मोठे सामने वर्धा रस्त्यावरच्या जामठ्याला गेले. तिथले स्टेडियम प्रशस्त आहे, सीमारेषेचे अंतरही मोठे. पण शहर मागे कित्येक किलोमीटर राहिलेले असते. आत बसलेल्याला खेळ उत्तम दिसतो, आणि नागपूर कुठे आहे ते विचारावे लागते.

भंडारा नागपूरहून पूर्वेला सुमारे 60 किलोमीटर. शहर ओलांडले की कारध्याचा पूल लागतो. खाली वैनगंगा. गोसेखुर्द धरणाचा फुगवटा इथवर येत असल्याने पात्र भरलेले दिसते. नदी, पूल आणि काठावरचे शहर असा पिट्सबर्गचा सगळा सरंजाम इथे हजर आहे. त्याच्याकडे तोंड करून बसायला प्रेक्षकांचे सज्जे तेवढे नाहीत. जिल्हा क्रीडा संकुल इतर जिल्ह्यांतल्यासारखेच, सरकारी नकाशाबरहुकूम.

या जिल्ह्याचे खरे प्रेक्षणीय मैदान वर्षातून दोन-तीन दिवसच अस्तित्वात असते. ते म्हणजे शंकरपटाचे, बैलजोड्यांच्या शर्यतीचे; लोक नुसते ‘पट’ म्हणतात. धानाची कापणी-मळणी आटोपली की थंडीत गावोगावी पट भरतात. लाखनी आणि साकोलीकडचा पट्टा त्यासाठी नावाजलेला. कायमचे बांधकाम काहीच नसते. धानाच्या बांध्यांमधले धुरे सपाट करून, ढेकळे फोडून, लांबच लांब सरळ पट्टी तयार करतात. एका वेळी दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांतून सुटतात. जोडीमागची गाडी, म्हणजे छकडा, इतका हलका की त्यावर हाकणारा कसाबसा उभा राहील. झेंडी पडते, आणि काही सेकंदांत सगळा निकाल लागलेला असतो. मग धूळ बसेपर्यंत माइकवाला जोडीच्या मालकाचे आणि गावाचे नाव पुकारत राहतो.

खेळ सरळ रेषेत असल्याने बघणारे दोन्ही कडांना लांबवर पसरतात. उंची ज्याने त्याने आपापली आणायची : कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कुणी तणसाच्या ढिगावर, पोरे मोहाच्या फांदीवर. भिंत नसल्यामुळे जोड्या सुटायच्या ठिकाणी परततात तेवढ्या मधल्या वेळात नजर आपोआप पलीकडे जाते. तळ्याची पाळ, तिच्याखाली लाखोरीचे हिरवे पट्टे, त्यामागे कवेलूची घरे आणि त्यांच्या डोक्यावर पाण्याची टाकी. एका पटावर मी दोन्ही बाजूंनी फिरून पाहिले. गर्दीची कड शर्यत संपते तिथली. गाव मात्र सुटण्याच्या टोकाकडून पुरते दिसत होते. तिथे बैलांना झुली काढून आणतात, पाठीवर हात फिरवत थोपवून धरतात, आणि हाकणारा पायाखालची माती टाचेने दाबून बघतो. हे निवांत बघायला मिळते, कारण त्या टोकाला फारसे कुणी फिरकत नाही.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तीही उच्च न्यायालयात अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव 1000 मीटरच्या आत ठेवावी लागते आणि चाबूक आणि टोचायच्या तुतारीला मनाई आहे. बैलांचे हाल होतात हा आक्षेप अजून मिटलेला नाही, आणि तो पोकळही नाही. नियम कागदावर राहतात की मैदानात उतरतात, हे त्या त्या गावच्या मंडळावर अवलंबून असते.

पटाच्या रात्री त्याच गावात झाडीपट्टीचे, म्हणजे या भागातल्या लोकरंगभूमीचे, नाटक लागते. पाहुणे दिवसा पटाला आणि रात्री नाटकाला, असा जुना रिवाज आहे. कंपन्या बहुतेक वडसा-देसाईगंजच्या. इथे मात्र कनाती लागतात, तिकीट फाडले जाते आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. थोडक्यात, दिवसा उघडे असलेले गाव रात्री भिंत घालून घेते.

पट बघायला जायचे तर दुपारच्या आत पोहोचावे, गाडी हमरस्त्यालगतच ठेवावी आणि पट्टीच्या पश्चिमेकडच्या कडेला उभे राहावे. दिवस कलू लागला की ऊन पाठीवर राहते, समोरच्या जोड्याही स्पष्ट दिसतात. पटाच्या तारखा दरवर्षी बदलतात; भंडारा किंवा लाखनीच्या बसस्थानकाजवळच्या फलकांवर त्या लागतात, आणि त्याच फलकावर रात्रीच्या नाटकाचे नावही असते.