आऱ्या सुटण्याचे दिवस

बसवनगुडीचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत, त्याला एक जंतू कारण आहे. १८९८ साली बेंगळुरात प्लेग शिरला. जुन्या पेठांतल्या कोंदट गल्ल्यांत माणसं पटापट जाऊ लागली, तेव्हा मोकळी हवा खेळेल, घराघरांत अंतर राहील अशी वस्ती हवी हे सगळ्यांना पटलं आणि मल्लेश्वरम, बसवनगुडी भराभर वाढल्या. आदल्याच वर्षी मुंबईत हाफकिनसाहेबांनी प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. जीवशास्त्र शिकून पुढे काय, असं कुणी विचारलं की मला आधी हे रस्ते दिसतात.

विचारतात मात्र सगळेच. आमचं घर मूळचं बेळगावचं, त्यामुळे लग्नकार्यात मराठीतूनही विचारतात आणि कन्नडमधूनही. माझी भाची इथल्याच एका लहान कॉलेजात बीएस्सी करते. विषय सीबीझेड, म्हणजे केमिस्ट्री, बॉटनी, झूऑलॉजी. ते सांगितलं की समोरच्याचा चेहरा जरासा उतरतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मेडिकलला नंबर लागला नाही का? पोरगी हसून वेळ मारून नेते. घरी आल्यावर मला विचारते, "मावशी, खरंच पुढे काय गं?"

मीही असल्याच कॉलेजात शिकले. लांब ओट्यांची एक प्रयोगशाळा, बरण्यांतून ठेवलेले बेडूक आणि साप, आणि सगळ्या वर्गात मिळून एकच धड मायक्रोस्कोप. पण त्या मायक्रोस्कोपखाली पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. पाण्याला लावून ठेवलेल्या कांद्याला पांढरी मुळं फुटायची. मुळाचं टोक कापून अ‍ॅसिटोकार्मिनच्या लाल थेंबात घ्यायचं, स्पिरिटच्या दिव्यावर अलगद शेकायचं, उकळू द्यायचं नाही. मग काच ठेवून, वर टिपकागद धरून अंगठ्यानं दाबायचं. काच सरकली की सगळं वाया. जमलं तर पेशींच्या गर्दीत एक पेशी अशी सापडायची की जिच्यातली गुणसूत्रं नुकती दोन टोकांकडे निघालेली असायची. रोजच्या आमटीतल्या कांद्यात हे चालू असतं! वर्ग लहान, त्यामुळे कुणाचा अंगठा हलका आणि कुणाचा जड हे बाईंना ठाऊक असे. मोठ्या विद्यापीठात यंत्रं चांगली असतील, पण आपला अंगठा ओळखणारं माणूस लहान जागीच भेटतं असं मला आजही वाटतं.

बसवनगुडीला अशा लहान जागांचं वळण आहे. नॅशनल कॉलेजचे एच. नरसिंहय्या हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले आणि कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत आयुष्यभर राहिले. पुढे बेंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी १९६२ साली बेंगळूर सायन्स फोरम सुरू केला. दर बुधवारी संध्याकाळी शास्त्रज्ञाचं व्याख्यान, कुणीही यावं, कुणीही विचारावं. भाजीची पिशवी पायाशी ठेवून ऐकणारी माणसं या भागात आहेत, आणि त्यांच्या शेजारी वही उघडून बसलेली बीएस्सीची पोरं.

शहरातली दोन माणसं मी भाचीला नेहमी सांगते. राघवेंद्र गदगकर सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, तिथल्या खिडक्यांवर गांधीलमाश्यांची पोळी होती. त्यांनी ती बघायला घेतली आणि पुढे त्याच माश्यांच्या समाजजीवनावर जन्मभर संशोधन केलं. किरण मजुमदार-शॉ यांना डॉक्टर व्हायचं होतं, ते जमलं नाही. १९७३ साली प्राणिशास्त्राची पदवी घेतली, ऑस्ट्रेलियात जाऊन मद्यनिर्मिती शिकल्या, आणि १९७८ साली बायोकॉन सुरू झाली ती पपईच्या चिकातलं एन्झाइम काढण्यापासून.

असे दाखले सांगताना मी पुढचंही सांगते, कारण पोरांना अर्धंच सांगणं मला पटत नाही. नुसत्या बीएस्सीवर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलचं काम मिळतं, मेडिकल कोडिंगचं मिळतं, बीएड केलं तर शाळा मिळते. संशोधन करायचं तर एमएस्सी, मग नेट, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. जेआरएफची, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची, रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. बरोबरीची इंजिनिअर मुलं तेवढ्या वर्षांत घराचे हप्ते भरू लागतात. हे सोसायला घरच्यांची साथ लागते, आणि तीच नेमकी कमी पडते.

आणखी एक गोष्ट कमी पडते, तिचा मला मनापासून राग येतो. लहान कॉलेजातल्या मुलांना तारखा कळत नाहीत. बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीसाठी गॅट-बी, जॅम अशा प्रवेशपरीक्षा असतात. एनसीबीएस ही जीवशास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, तिथे वन्यजीवांवरची एमएस्सीसुद्धा आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम करायची फेलोशिप देतात, तिचे अर्ज आदल्या हिवाळ्याच्या तोंडालाच भरावे लागतात. हुशार मुलगी मार्चमध्ये विचारते, तोवर दार लागलेलं असतं. तारखा कळवायला इमारती नकोत, नवं यंत्र नको. सूचनाफलकावर वेळेत कागद लावणारा एक माणूस पुरे.

परवा कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारची कडलेकाई परिशे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा होती. दोड्ड बसवण्णाच्या देवळापासून रस्ताभर शेंगांचे ढीग लागले होते. भाचीनं एका शेतकरीणबाईकडून मुळासकट उपटलेला वेल मागून घेतला आणि तिथेच उकिडवी बसून तो उलगडू लागली. भुईमुगाचं फूल वर उमलतं, फलन वरच होतं, आणि मग देठासारखी आरी सुटून खाली मातीत शिरते. अंधार मिळाला की शेंग भरू लागते. जमिनीपर्यंत न पोचलेल्या दोन आऱ्या तिनं मला दाखवल्या, टोकाशी जांभळट, सुईसारख्या, रिकाम्या.

"मावशी, हिला खाली कुठे हे कळतं कसं? आणि अंधार झाला हे ओळखतं कोण, टोक की सगळा देठ?"

शेंगांची पिशवी मी घेतली, वेल तिनं वहीत घातला. फेलोशिपच्या अर्जात आपल्याला काय शोधावंसं वाटतं ते थोडक्यात लिहायचं असतं. त्या रात्री तिनं हेच दोन प्रश्न लिहिले, आऱ्यांचं चित्र काढून खाली मापं टाकली आणि मुदतीच्या आत अर्ज पाठवला.