नव्या भिडूंचा डाव

वयोमानानुसार गुडघे कुरकुरू लागतात, ते आपण निमूटपणे मान्य करतो. परंतु आपला आवडता खेळ आपल्याला मागे ठेवून पुढे गेला, हे मान्य करणे अधिक कठीण जाते. त्या मान्यतेविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या एका गावात माझे बालपण गेले. तेथे मारुतीच्या पारावर देशी बुद्धिबळाचा पट मांडला जाई. आजोबांनी मला तोच डाव शिकवला. त्यात प्यादे एका वेळी एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर, राजाला एकदाच घोड्याची उडी घेता येई. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की डाव ‘बुर्जी’, म्हणजे बरोबरीत सुटे. त्यामुळे मात करताना शत्रूचे एखादे मोहरे जिवंत राखण्याचेही भान ठेवावे लागे. प्रांतोप्रांती नियमांत थोडाफार फरक असे. परंतु सैन्य सावकाश रचावे आणि मगच भिडावे, हा त्या खेळाचा स्वभाव होता.

माझी अकरा वर्षांची नात आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळते. तिचे प्यादे पहिल्याच खेळीत दोन घरे झेपावते आणि दहा मिनिटांच्या घड्याळात डाव संपतो. देशी डाव जाणणारा माझा शेवटचा जोडीदार तीन वर्षांपूर्वी निवर्तला. तेव्हापासून पट घरात आहे, पण त्यावर माझ्या नियमांनी खेळणारे कोणी नाही. हे दुःख लहान नव्हे. आपल्या भाषेत बोलणारा शेवटचा माणूस उठून जावा, तसे ते असते.

या दुःखात मला इतिहासाने आधार दिला. प्राचीन चतुरंगातील मंत्री तिरपा एकच घर चालत असे. युरोपात सुमारे 500 वर्षांपूर्वी त्या मोहऱ्याला आणि उंटाला लांब पल्ला मिळाला व खेळ वेगवान झाला. आमच्या पारावरचा वजीरही पटभर धावत असे. म्हणजे आजोबांचा ‘जुना’ डावसुद्धा कोणा पूर्वजाच्या दृष्टीने नवाच होता! प्रत्येक बदल पुढे बसणाऱ्या भिडूसाठी होत आला आहे. तो आधीच्या खेळाडूचा अपमान नव्हे.

पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांत वाढला आणि नवे नियम आत्मसात करून 1929, 1932 व 1933 साली ब्रिटिश विजेता ठरला. प्रत्येकाला इतके साधेल असे नाही, आणि साधावे असा आग्रहही नको. आपल्याच जिल्ह्यातील शार्दूल गागरे 2016 मध्ये ग्रँडमास्टर झाला, तो जगभर चालणाऱ्या याच नियमांच्या बळावर. मुलांना घराबाहेर ज्या पटावर बसावयाचे आहे, तोच पट त्यांना घरीही मिळावा. म्हणूनच स्पर्धांची तयारी करणाऱ्या नातीला मी जुने नियम मुद्दाम शिकवले नाहीत.

आपल्या घरीही असा एखादा खेळ, एखादे गाणे वा सणाची एखादी रीत बदलत असेल. तेव्हा ‘आता त्यात राम उरला नाही’ हे वाक्य ओठांवर येते. ते क्षणभर थोपवून पाहावे. ‘हे माझ्यासाठी घडवलेले नाही’ एवढेच मनाशी म्हणावे. त्यात खेद असला तरी कडवटपणा नसतो. आणि कडवटपणा घरातील संध्याकाळी नासवतो. मग मुलांना म्हणावे, ‘मला शिकव.’ शिकवताना त्यांचा चेहरा कसा उजळतो, ते अवश्य पाहावे.

सध्या मी नातीच्या नियमांनी खेळतो. दहांपैकी आठ डाव ती जिंकते. घड्याळाची घाई मला मानवत नाही, म्हणून माझ्याशी खेळताना ती ते बंद ठेवते. ही सवलत तिने आपणहून दिली. देशी डावाचे सर्व नियम मी एका वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवले असून ती वही पटाच्या पेटीतच ठेवली आहे. ती उघडण्याचा आग्रह मी करणार नाही. कधीतरी तिला आपणहून कुतूहल वाटले, तर हाताशी असावी, एवढेच.