घरची फिरंग

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, आमच्या घरीं एक जुनी तरवार माळ्यावरून खालीं काढण्यांत येते. घरांत सर्वजण तिला 'फिरंग' म्हणतात. ती पुसून तेलाचा हात द्यावयाचा व गंधफुलें वाहावयाचीं, हा परिपाठ आजोबांच्याहि पूर्वींपासूनचा. पातें सरळ, लांब व रुंद. मूठ मात्र आपल्या इकडील, पंजाला आडोसा असलेली. मुठीपासून चार अंगुळांवर पितळेच्या बारीक रेषांनीं एका चतुष्पादाची आकृति बसविलेली आहे. वडील सांगत, हा देवीचा सिंह. आणि पातें सह्याद्रीच्या पायथ्याशीं आमच्याच एका लोहारानें घडविलेलें. मीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत व इतिहास शिकविला. दर वर्षीं दसऱ्याच्या सुमारास तो सिंह फळ्यावर काढून मुलांना हीच हकीकत सांगत आलों.

गेल्या ज्येष्ठांत चिरंजीवाच्या आग्रहावरून जर्मनींत जाण्याचा योग आला. तो नोकरीनिमित्त ड्युसेलडॉर्फ येथें असतो. तेथून झोलिंगेन आगगाडीनें अर्ध्या तासाच्या आंतच आहे. हें नांव मला बाळपणापासून परिचयाचें. आमच्या गांवच्या न्हाव्याच्या वस्तऱ्यावर तें कोरलेलें असे, व इंग्रजी येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून तो तें वाचवून घेई. पात्यावरील सिंहाचा कागदावर घेतलेला ठसा मीं मुद्दाम सोबत नेला होता. तरवारींच्या या माहेरघरीं आपल्याहि लोहाराची कीर्ति कोणास तरी ऐकवावी, हा त्यांतील अहंकार लपवीत नाहीं.

झोलिंगेन हें वुपर नदीच्या काठच्या टेकड्यांवर वसलेलें आहे. जुनें मधलें शहर १९४४ च्या नोव्हेंबरांत, ४ व ५ तारखेच्या बाँबहल्ल्यांत नष्ट झालें. परंतु ग्रेफ्राट नांवाचा भाग वांचला, आणि जुनें झोलिंगेन पाहावयाचें तर तेथेंच. आमच्या लहानपणच्या पाट्या ज्या जातीच्या दगडाच्या असत, त्या काळ्या दगडाच्या चकत्यांनीं घरांच्या भिंती मढविलेल्या. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या, झडपा हिरव्या. चौकांतून पायऱ्या चढून गेलें कीं चर्च, आणि त्यास लागून पूर्वींचा जोगिणींचा मठ. या मठांत १९९१ पासून पात्यांचें संग्रहालय आहे. ज्या ओवऱ्यांतून जपमाळा फिरल्या तेथें आज तरवारी मांडल्या आहेत.

तरवार एका हाताची कृति नव्हे, हें मला तेथें प्रथम कळलें. लोहार फक्त पातें घडवी. त्यास पाणी देणारे व सहाणेवर घासणारे निराळे. मूठ बसवून तें विक्रीस सिद्ध करणारे शिकलगार आणखी निराळे. एकानें दुसऱ्याच्या कामांत हात घालावयाचा नाहीं. बेर्ग प्रांताच्या ड्यूकनें पाणी देणारांस व घासणारांस १४०१ मध्यें सनद दिली, शिकलगारांस १४१२ मध्यें, आणि लोहारांस १४७२ मध्यें. विद्या बापाकडून मुलाकडे जावी, आणि देश सोडून जाणार नाहीं अशी शपथ घ्यावी, असा निर्बंध होता. आपल्या बारा बलुत्यांची आठवण होऊन मला हंसूं आलें. शपथ मोडणारेहि निघालेच. सतराव्या शतकांत कित्येक कुटुंबें इंग्लंडांत जाऊन राहिलीं, आणि १७३० मध्यें फ्रान्सच्या राजानें आल्सास प्रांतांत कारखाना काढला तोहि येथल्याच कारागिरांच्या बळावर. पुढें फ्रेंच अंमलांत, १८०९ मध्यें, हे संघ मोडले.

पाणी देण्याची कृति मीं फार लक्षपूर्वक समजून घेतली. पातें लाल तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें कठीण होतें, परंतु कांचेसारखें ठिसूळ. म्हणून तें पुनः मंद आंचेवर धरावयाचें. त्या वेळीं घासलेल्या पोलादावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी व शेवटीं निळा असे रंग चढतात; योग्य रंग दिसतांच थांबावयाचें. क्षणभर उशीर झाला तर पातें मऊ पडलें. उत्तम पातें वांकवून सोडलें असतां पुनः सरळ होतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षण सांगतांना शस्त्राला कशाकशाचें पाणी द्यावें याची विलक्षण यादी दिली आहे. ती शिकवितांना मी ती कविकल्पना म्हणून सोडून देत असें. आतां वाटतें, ज्याला रंग ओळखण्याची विद्या होती त्यानें ती उगाच बाहेर सांगितली नसेल.

नदीकांठीं सहाणेवर पातीं घासण्याच्या जुन्या पाणगिरण्यांपैकीं दोन अद्याप उभ्या आहेत. त्यांतील बाल्कहाउझेन येथली आम्ही पाहिली. पाणचक्कीवर माणसाच्या उंचीचा वालुकाश्म फिरे, आणि त्याला टेकून कारागीर पातें दाबून धरी. दगड फुटून माणसें मरत. त्याहून अधिक मरत तीं दगडाच्या धुळीनें छाती पोंखरून, तीहि ऐन तारुण्यांत. तरवारीनें रणांत किती मेले हें इतिहासांत सांपडतें. ती घासतांना किती गेले याचा हिशेब मीं तरी वर्गांत कधीं दिला नाहीं.

आतां माझ्या सिंहाची गोष्ट. संग्रहालयांत एका सतराव्या शतकांतील पात्यापुढें मी थबकलों. तीच पितळेची रेष, तेच काटकुळे पाय, तीच लांब शेपटी! ठसा काढून कांचेशीं धरला. चिरंजीवानें खालची चिठ्ठी वाचून दाखविली: धांवता लांडगा. डॅन्यूब नदीवरील पासाउ शहराची ही मूळ खूण. लांडगा असलेली तरवार धारकास अजिंक्य करते असा समज असल्यामुळें झोलिंगेनच्या लोहारांनीं ती उचलली. हिंदुस्थानांतील लोहारहि यूरोपीय खुणांची नक्कल करीत, म्हणून आमच्या पात्याविषयीं शपथपूर्वक कांहींच म्हणतां येत नाहीं. परंतु सोळाव्या-सतराव्या शतकांत अशीं पातीं पश्चिम किनाऱ्यावर उतरत व मराठे त्यांस आपल्या मुठी बसवीत, हें सर्वश्रुत आहे. दांडपट्ट्यालाहि पुष्कळदां परदेशी पातें असे. म्हणून तर तिला फिरंग म्हणत. हा शब्द मीं शेंकडों वेळां व्युत्पत्तीसह शिकविला, आणि घरच्या तरवारीला रोज त्याच नांवानें हांक मारतांना त्याचा अर्थ मात्र मनांत आला नाहीं!

परत येतांना चिंता होती ती थोरल्या बंधूंची. ते ऐंशीच्या घरांत आहेत. पूजा तेच करतात. खंडेनवमीस तरवार खालीं आली तेव्हां मीं धीर करून म्हटलें, "दादा, तुम्ही रागावणार नसाल तर सांगतों. हा सिंह नव्हे, लांडगा आहे. आणि पातें बहुधा जर्मनींतलें."

त्यांनीं चष्मा लावून पात्यावर बराच वेळ बोट फिरविलें. मग म्हणाले, "सिंहाच्या शेपटीला गोंडा असतो. याला नाहीं, हें मला आठव्या वर्षींच दिसलें होतें. पण वडिलांपुढें बोलणार कोण?" आणि झेंडूचें फूल उचलून म्हणाले, "तूं मुलांना काय सांगत होतास इतकीं वर्षें?"