लाल फुली

रविवार, रात्र

भाचीची चाचणीची उत्तरपत्रिका पाहिली. चौथीत आहे. ‘पाऊस कसा पडतो?’ याचं उत्तर तिनं स्वतःच्या मनानं लिहिलं होतं: चहाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच वर आभाळात होतं. त्यावर लाल फुली. बाईंना फळ्यावर उतरवून दिलेलं वाक्यच हवं होतं.

‘मामा, पुढच्या वेळी वहीतलंच लिहीन,’ ती म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता. तिनं ठरवून टाकलं होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

बाईंना एकट्यांना दोष देववत नाही. गठ्ठाभर पेपर, हातात नमुना उत्तरं, तपासायला एक रात्र. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता सतत पाहावी, असं स्पष्ट लिहिलंय. झाकणावरचे थेंब म्हणजे दुसरं काय?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवतात. १९४५ साली बोर्डीत त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, खडे हीच शिकण्याची साधनं. मूल शाळेत मावत नसेल तर शाळेनं बदलायचं, एवढा सरळ विचार! इतक्या वर्षांनी तो आपल्याला जड का जावा?

झोपायच्या आधी आम्ही दोघांनी पुन्हा पातेलं ठेवलं. झाकण तिनंच उचललं, थेंब मोजले. चौदा झाले.